कंट्रोलरबाईंची लेन्स

माझ्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीचे फोटो आहेत, बारशाचे आहेत, गदा खांद्यावर घेतलेल्या एका पैलवानाचा आहे आणि या सगळ्यांच्या मधोमध एका विमानाचा आहे. फ्रेम चांगली मोठी आहे. तिच्यात आभाळ भरपूर आहे आणि विमान मात्र चिंचोक्याएवढं. गिऱ्हाईक फोटोची वाट बघत बसलं की त्याची नजर हमखास तिथं जाते. मग ते मला शिकवायला लागतं, की भाऊ, एवढ्या लांबून कशाला काढलं, जरा जवळून काढायचं की. पूर्वी मी समजावून सांगायचो. आता नुसता हसतो, कारण तो फोटो मी काढलेला नाही आणि ज्यांनी काढला त्यांच्याविषयी दोन वाक्यांत सांगून भागत नाही.

प्रमिलाबाई कवडे हे त्यांचं नाव, पण धाराशिवच्या स्टँडवर ते कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे कंट्रोलरबाई म्हणायचे. आधी कंडक्टर होत्या, मग वाहतूक नियंत्रक झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत त्या जाळीच्या खिडकीमागं, माईकसमोर बसल्या. माझा स्टुडिओ स्टँडच्या समोरच, रस्त्यापलीकडं. त्यामुळं ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की घरात कुणी घसा खाकरला तरी मला फलाट क्रमांक ऐकू येतो. बाईंचा आवाज गोड नव्हता. कडकही नव्हता. ऐकल्यावर माणूस पिशवी उचलायचा, असा होता.

माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. ड्रायव्हरला त्याच्या आगारावरून बोलवायच्या, प्रवाशाला त्याच्या गावावरून. ‘ए तुळजापूर, गाडी मागं घे.’ ‘भूम, तुमची पिशवी राहिली.’ मी मूळचा मुरुमचा, म्हणून मी कायमचा ‘मुरुम’. आमच्या घरात निम्मं कानडी चालतं हे कळल्यावर त्यांनी सीमेकडच्या प्रवाशांकडून दोन शब्द उचलले आणि रोज दुपारी रस्ता ओलांडून येताना माझ्यावर फेकायला सुरुवात केली. ‘काय मुरुम, ऊटा आयता?’ जेवण झालं का, एवढाच त्याचा अर्थ. मी कानडीत उत्तर दिलं की मात्र त्यांना पुढचं काही यायचं नाही. मग म्हणायच्या, ‘आता मराठीत सांग.’

त्यांचा एक शब्द अख्ख्या स्टँडला पाठ होता. गाडीला उशीर झाला की माणसं खिडकीशी गर्दी करतात, आरडाओरडा करतात, एखादा टेबलावर हात आपटतो. बाई वर बघायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, ‘निघालीय.’ एकदा एका वऱ्हाडातले मामा फारच तापले होते. कुठनं निघालीय, असं त्यांनी तीनतीनदा विचारलं. बाई म्हणाल्या, ‘जिथनं निघायची तिथनं.’ सगळे हसले, मामाही हसले आणि पिशवीवर टेकले.

मला वाटायचं ही थाप असणार. माणसं गप्प बसावीत म्हणून कुणीही मारेल अशी. एकदा मी तसं बोलून दाखवलं तर त्या चक्क रागावल्या. म्हणाल्या, गाडी सुटली का, हे मागच्या स्टँडला फोन लावून विचारल्याशिवाय मी तो शब्द तोंडातनं काढत नाही. सुटली नसेल तर ‘चौकशी चालू आहे’ म्हणते, येणार नसेल तर ‘रद्द’ म्हणते. ‘पण निघाली असंल तर तसं सांगावं. माणसाला तेवढं बास व्हतं.’ त्या दिवसापासून मला त्या शब्दाचा आदर वाटायला लागला.

निवृत्त झाल्यावर बाई फार कासावीस झाल्या. सकाळी आवरून स्टँडवर यायच्या आणि खिडकीत दुसराच माणूस बघून माझ्याकडं वळायच्या. स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून समोर येणाऱ्या गाड्यांची नोंद तोंडानं करायच्या. नवा नियंत्रक फलाट चुकीचा सांगायचा, तेव्हा त्यांच्या जिवाची इतकी तगमग व्हायची की मला त्यांना चहा पाजावा लागायचा. हे असं किती दिवस चालणार याची मला काळजी वाटत होती आणि तेवढ्यात त्यांची भाची ऋतुजा विमान शिकायला आली.

आमच्या गावाबाहेर धावपट्टी आहे आणि तिथं विमान चालवायला शिकवतात, हे धाराशिवच्या माणसाला नवं नाही. डोक्यावरून घुरघुर गेली तर आम्ही मानसुद्धा वर करत नाही. पण आपल्यातलीच एक पोरगी त्या घुरघुरीत बसलेली आहे म्हटल्यावर बाईंची मान वर गेली ती गेलीच. ऋतुजा त्यांच्या धाकट्या भावाची, दत्ताची मुलगी. दत्ताचं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरचे पंप, गिरणीच्या मोटरी, कूलरचे पंखे, काहीही जळालं तरी तालुका त्याच्याकडं धावतो. पोरगी हुशार, पण विमान म्हटल्यावर तो नको म्हणाला. आक्कानं, म्हणजे बाईंनी, माझ्या जबाबदारीवर पाठव म्हणून हट्ट धरला. तेव्हा दत्ता म्हणाला होता, ‘आक्के, खालची मोटर बंद पडली तर म्या हाय. वरती कोण हाय?’

तरी बाईंनी हट्ट सोडला नाही. शेवटी दत्तानं एक अट घातली. विमान शिकताना शेजारी शिकवणारा बसतो. एक दिवस येतो, की तो खाली उतरतो आणि शिकणाऱ्यानं एकट्यानं एक चक्कर मारून यायची असते. दत्ता म्हणाला, ती एकटीनं उडाली याचा फोटो मला दाखवा. शेजारची सीट रिकामी दिसली पाहिजे. दिसली तर शिकू द्या तिला, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही तर दिवाळीला पोरगी घरी. स्वतः येऊन बघायला तो तयार नव्हता. मला बघवायचं नाही, असं त्यानं साफ सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई रस्ता ओलांडून आल्या त्या कानडी न बोलताच. म्हणाल्या, ‘मुरुम, मला कॅमेरा दे आन लांबचं दिसंल अशी लेन्स बघ. पोरीच्या शेजारची सीट रिकामी दिसली पाहिजे. आन विमानाची पाटी वाचता आली पाहिजे.’

पाटी म्हणजे विमानाच्या अंगावर लिहिलेली अक्षरं. प्रत्येक विमानाची वेगळी असतात. मी म्हटलं, सीटचं समजलं, अक्षरं कशाला हवीत? त्यांना माझ्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटलं. पाटीशिवाय गाडी म्हणजे कुणाचीही गाडी. उद्या दत्ता म्हणेल, मोबाईलवरनं कुठलाही फोटो उचललात आणि मला पाठवलात. ऋतुजा त्या दिवशी कुठल्या विमानात बसली ती अक्षरं ती आधीच फोनवर सांगेल आणि तीच फोटोत दिसली पाहिजेत. बाईंची सगळी नोकरी पाट्या वाचण्यात गेली होती, त्यामुळं यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आता खरं सांगायचं तर मी लग्नाचा फोटोग्राफर. माझ्या आयुष्यात सगळ्यात जोरात पळणारी गोष्ट म्हणजे अक्षता. माझा जुना कॅमेरा मी बाईंना दिला आणि माझी लाडकी सत्तर-दोनशेची लेन्स लावून आम्ही धावपट्टीच्या कुंपणाबाहेर जाऊन आलो. तिच्यातून विमान भिंतीवरच्या माशीएवढं आलं. मग सोलापूरच्या ओळखीच्या दुकानदाराकडून मी दोन लेन्स बघायला म्हणून आणल्या. एक शंभर-चारशे, दुसरी दीडशे-सहाशे. बाईंनी आकडे ऐकून विचारलं, हे भाड्याचे दर आहेत का? मी सांगितलं की मोठा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ ओढतं. ‘मग सहाशेच,’ असं म्हणून त्यांनी विषय संपवला. चारशेवाली हलकी आहे, हातात स्थिर राहते, हे मी सांगत होतो तोवर त्यांनी मोठीचं झाकण काढलं होतं.

तरी परीक्षा घ्यायची म्हणून आम्ही स्टुडिओच्या गच्चीवर गेलो. ती लेन्स म्हणजे दोन किलो वांग्यांची पिशवी एका हातात धरून ती हलू न देता उभं राहायचं, असा प्रकार होता. बाईंनी कठड्यावर कोपर टेकलं आणि दूरच्या चौकातून वळणाऱ्या गाड्यांवर लेन्स धरली. मला नुसता लाल ठिपका दिसत होता. बाई मात्र वाचायला लागल्या. कळंब. परंडा. बार्शी, विनावाहक. मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, हा आमचा लोहारा, शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून गाडी चालवतोय. त्यांनी तिथूनच आगारात फोन लावला. गाडी फलाटाला लागली तेव्हा ड्रायव्हर गळ्यापर्यंत बटणं लावून उतरला आणि चारी बाजूंना बघत राहिला. त्याला बिचाऱ्याला आजतागायत कळलेलं नाही. दीडशे-सहाशे त्याच क्षणी पास झाली.

बाईंनी लेन्स घेतली ही बातमी गल्लीत पसरली आणि शेजारच्या काकू संत्री घेऊन भेटायला आल्या. डोळ्याचं ऑपरेशन एवढ्या गुपचूप का केलंत, असं त्यांनी विचारलं. बाईंनी संत्री ठेवून घेतली.

धावपट्टीवर जायची परवानगी त्यांनी रीतसर काढली. कुंपणाच्या आत नाही, बाहेर शेताच्या बांधावर उभ्या राहून, एवढंच मागितलं. गेटवरच्या माणसानं आवाज ऐकून त्यांच्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाला, बाई, तुमचा आवाज मी कुठंतरी ऐकलाय. बांधावर कडुलिंबाचं झाड होतं. शेतमालकाची काही हरकत नव्हती, फक्त तुरीत पाय ठेवू नका म्हणाला. तिथं बाईंची बैठक ठरली. पहिल्यांदा आम्ही दुपारी गेलो आणि फसलो. तापलेल्या धावपट्टीवरून झळा उठत होत्या आणि एवढ्या लांबच्या लेन्समधून विमान उकळत्या पाण्यात पडल्यासारखं लटपटत होतं. पाटीची अक्षरं एकमेकांत मिसळत होती. लेन्स खराब निघाली म्हणून बाई सोलापूरच्या दुकानदाराला फोनवर बोल लावायच्या बेतात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार हवेत गेलो तर तीच लेन्स, तेच विमान आणि अक्षर न् अक्षर स्वच्छ. तेव्हापासून त्यांनी दुपारच्या फेऱ्या रद्द केल्या. विमान एक चक्कर मारून उतरलं की त्या त्याला फेरीच म्हणायच्या.

आणि मग तो दिवस आला. ऋतुजाचा सकाळी फोन आला, तिनं पाटी सांगितली आणि लगेच ठेवून दिला. मी बाईंना स्कूटरवर घेऊन गेलो. शिकवणारे साहेब विमानातून उतरून बाजूला चालत गेलेले आम्हाला दिसले. ते इवलंसं विमान एकटंच धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं आणि पळायला लागलं. फोटो हलायला नको म्हणून बाईंनी कॅमेऱ्याचा, म्हणजे त्याच्या शटरचा, वेग पार वर नेऊन ठेवला होता. लेन्स मोठी असली की हाताची थरथरही मोठी होते, त्यामुळं वेग वर ठेवावाच लागतो. हललेल्या फोटोची त्यांना मुळातच चीड होती. त्यांनी एकामागून एक फोटो काढले. ऋतुजा उतरली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि बाई लिंबाच्या बुंध्याला टेकून डोळे पुसत बसल्या. मी इकडंतिकडं बघितलं. मलाही भरून आलं होतं.

फोटो अप्रतिम आला होता. माझ्या हातून लग्नात असा आला असता तर मी दुकानाच्या बोर्डावर छापला असता. पाटी वाचता येत होती. ऋतुजाचे घट्ट मिटलेले ओठ दिसत होते. शेजारच्या रिकाम्या सीटवरचा पट्टासुद्धा दिसत होता. बाईंनी तो जागेवरूनच दत्ताला पाठवला.

उत्तर आलं नाही. दुपारी वाशीच्या गाडीतून दत्ताच उतरला. बाईंकडं येणाऱ्या नातेवाइकांचा पत्ता म्हणजे माझा स्टुडिओ, त्यामुळं तो सरळ आत आला. बाई खुर्चीत होत्या. अभिनंदन करायला आला असेल म्हणून मी पेढे मागवायला निघालो, तर तो उभ्या उभ्याच म्हणाला, ‘पोरीला न्यायला आलोय.’

बाईंना कळेना. त्यानं मोबाईल काढला, फोटो बोटांनी मोठा केला आणि विमानाच्या नाकावर बोट ठेवलं. तिथं पंखा होता. दोन पाती, एक वर, एक खाली, स्वच्छ आणि जागच्या जागी.

‘पाती मोजता येत्यात,’ दत्ता म्हणाला. ‘फिरत्या पंख्याची पाती कधी मोजता येत न्हाईत. मोटर बंद हाय ही. वरच्या वर बंद पडलीय, आन तुमी मला आनंदानं फोटो धाडताय.’

माझ्या तर ते ध्यानातही आलं नव्हतं. कॅमेऱ्याचा वेग इतका होता की फिरता पंखाही त्यात थिजला होता. बाईंनी समजावलं, मी समजावलं, ऋतुजालाही फोन लावून दिला. दत्ताच्या कपाळावरची आठी हलली नाही. आम्ही सगळे मिळून अपघात लपवतोय, अशी त्याची खात्री झाली होती. चूक त्याचीही नव्हती. ज्याचं सगळं आयुष्य पंखा फिरतोय की नाही हे बघण्यात गेलं, त्यानं दुसरं काय समजावं? तो बहिणीला म्हणाला, ‘तुझ्या लाऊडस्पीकरवर सगळं गाव भरवसा ठेवतं, आक्के. पण पंखा माझा धंदा हाय.’

बाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी दत्ताला माझ्या स्टुडिओतल्या छताच्या पंख्याखाली उभं केलं, बटण पूर्ण फिरवलं आणि सकाळच्याच वेगावर पंख्याचा फोटो काढला. दत्ताच्या अंगावर वारा येत होता, पंखा करकर करत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र पंखा बंद होता, तिन्ही पाती मोजून घ्यावीत अशी. त्याच फोटोत कोपऱ्यात भिंतीवरचं कॅलेंडर आलं होतं आणि त्याचं पान वाऱ्यानं अर्धं उचललेलं होतं. दत्तानं पडद्याकडं बघितलं, वर पंख्याकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं.

‘वारं हाय, पंखा न्हाय,’ तो हळूच म्हणाला. मग खुर्चीवर बसला. ‘पंख्याचं पटलं. पोरीचं अजून पटलं न्हाय.’

सकाळपासून त्याच्या मनात जी धडकी भरली होती ती कॅलेंडरच्या पानानं जाणार नव्हती. डोळ्यांनी एकदा बंद मोटर बघितली होती. त्यानं सांगितलं, पंखा फिरताना दिसेल असा फोटो काढून दाखवा, मग बोलू. तोवर मी इथंच आहे आणि रोज उतरल्यावर पोरगी माझ्या डोळ्यांसमोर येईल. खरं तर त्याला परत जाण्याचं धैर्य नव्हतं, असं मला वाटतं.

पंखा फिरताना यायचा तर कॅमेऱ्याचा वेग बराच खाली आणावा लागतो. विमान पळतंय तेवढ्याच वेगानं लेन्सही त्याच्याबरोबर फिरवत न्यावी लागते. मग विमान नीट येतं आणि पंखा गोल फिरलेला दिसतो. दोन किलोच्या त्या लेन्सनं हे बाईंना जमेना. दोन सकाळी त्या दुसऱ्याच विमानांवर सराव करत होत्या आणि फोटोत नुसते पांढरे फराटे येत होते. खांदा भरून आला, संध्याकाळी त्यांनी तेल लावून घेतलं. मी धीर करून म्हटलं की सोलापूरचा दुकानदार ओळखीचा आहे, ही परत करून चारशेची आणू. ती हलकी आहे, तिच्यातलं यंत्र हाताची थरथर सांभाळून घेतं. फक्त विमान लहान येईल.

‘पाटी जाईल मग,’ बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, जाईल. सीट रिकामी दिसेल, पण अक्षरं वाचता येणार नाहीत. बाई समोरच्या स्टँडकडं बघत राहिल्या. गाड्या येत होत्या, जात होत्या आणि प्रत्येकीच्या कपाळावर पाटी होती. बिनपाटीच्या गाडीला या बाईंनी कधी फलाटावर उभं राहू दिलं नव्हतं. त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, ‘जाऊ दे पाटी. पंखा फिरता पाहिजे.’

चारशेची लेन्स आली आणि बाईंनी गच्चीवरून एसटीवर सराव सुरू केला. पाय रोवायचे, कोपरं अंगाला चिकटवायची आणि कमरेतून वळायचं. फलाटावरून गाडी बाहेर काढताना त्या हात लांब करून जशा वळायच्या, अगदी तस्सं. त्यांचं अंग ते आधीच शिकलेलं होतं. आधी गाडीची चाकं फिरताना यायला लागली, मग गाडीवरची अक्षरं. खाली दत्ताला रिकामं बसवत नव्हतं. त्यानं माझ्या पंख्याची करकर घालवली, कूलर उघडून पुन्हा जोडला आणि शेवटी शेजारच्या रसवंतीची मोटर काढून बसला. अख्ख्या रस्त्याला वाटायला लागलं, की हा गृहस्थ इथंच राहावा.

ऋतुजाची पुन्हा एकटीनं उडायची वेळ आली तेव्हा दत्ता आपणहून रिक्षात येऊन बसला. मला बघवायचं नाही, असं म्हणणारा माणूस. वडील बघायला येतायत हे पोरीला आम्ही सांगितलं नाही. बांधावर बाई पुढं, दत्ता त्यांच्यामागं लिंबाला धरून आणि मी आणखी मागं. विमान सुटलं. दत्तानं डोळे मिटून घेतले होते, पण कान मोटरीकडं होते. आवाज वर चढत गेला तशी त्याची मान हलायला लागली, दुकानात जुळवलेली मोटर पहिल्यांदा चालू केल्यावर हलत असेल तशी. मग विमान लांब गेलं, टेकाडापलीकडं वळलं आणि आवाज बारीक होत होत थांबला.

दत्तानं डोळे उघडले. आभाळ रिकामं होतं. त्यानं बहिणीचा पदर धरला. ‘आक्के, आवाज गेला. कुठंय ती?’

बाईंनी मागं वळून बघितलं नाही. लेन्स टेकाडाच्या कडेवर धरलेली होती. विमान वळून परतीला लागलेलं त्यांनी तिच्यातून बघितलं होतं.

‘निघालीय,’ त्या म्हणाल्या.

दत्तानं पदर सोडला. हा शब्द या बाईंच्या तोंडून कसा निघतो हे भावापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? जरा वेळानं घुरघुर ऐकू आली. विमान टेकाडावरून उतरत आलं आणि बाई कमरेतून वळायला लागल्या, वळत राहिल्या, विमान चाकांवर टेकेपर्यंत. दत्ता कुंपणाशी गेला आणि धावपट्टीच्या टोकाला विमान थांबेपर्यंत ऐकत राहिला.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. म्हणाला, ‘मोटर चांगली हाय.’

बाईंनी त्याला पडद्यावर फोटो दाखवला. आभाळ भरपूर, विमान लहान. नाकावर पंख्याची पातळ, गोल भिंगरी. खिडकीत एक डोकं, शेजारी मोकळं. दत्तानं तो कितीतरी वेळ बघितला. बाईंच्या मनातलं मात्र गेलं नव्हतं. त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या, ‘पाटी वाचता येत न्हाय बग.’

‘पाटी कशाला लागती?’ दत्ता म्हणाला. ‘आपलीच हाय की.’

मी तेव्हा लिंबामागं गेलो, कारण बहीणभावाच्या मध्ये उभं राहण्यासारखी ती वेळ नव्हती. त्या दिवसानंतर दत्तानं तोंड उघडलं नाही. म्हणजे भरपूर उघडलं, पण ते वाशीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो फोटो दाखवायला. ऋतुजा शिकली, परीक्षा पास झाली आणि आता लांबच्या एका गावी नव्या मुलांना विमान शिकवते. कुणीतरी पहिल्यांदा एकटं उडतं तेव्हा खाली उतरून बाजूला उभी राहणारी आता ती असते.

ती गेल्यावर बाई पुन्हा स्टुडिओच्या खुर्चीत येऊन बसतील असं मला वाटलं होतं. बसल्याही काही दिवस. पण दत्ताचे फोन सुरू झाले. एकटी तिथं काय करतेस, इकडं ये, दुकानाच्या वर खोली बांधली आहे, गच्चीवरून सगळा रस्ता दिसतो. गच्चीचं ऐकल्यावर बाई विरघळल्या. जायच्या सकाळी त्या माझ्याकडं आल्या, फोटोची ही मोठी फ्रेम भिंतीवर नवरा-नवरींच्या मधोमध लावून घेतली, सरळ आहे का हे लांब जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, ‘मुरुम, ऊटा आयता?’ मी कानडीत म्हटलं की अजून व्हायचंय आणि तुम्ही जाऊ नका. त्या म्हणाल्या, ‘आता मराठीत सांग.’ मला मराठीत ते सांगता आलं नाही.

मी माझी सत्तर-दोनशे घेऊन गच्चीवर गेलो. वाशीची गाडी फलाटाला लागलेली होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर लेन्सची पिशवी दोन्ही हातांनी धरून. इतकी वर्षं गाड्या सोडल्या, पण त्यांना मी गाडीत बसलेलं कधी बघितलं नव्हतं. नव्या नियंत्रकानं माईकवर फलाट चुकीचा सांगितला. बाईंनी खिडकीतून डोकं काढून त्याला बोटांनी बरोबर आकडा दाखवला आणि त्यानंही तो लगेच दुरुस्त केला. गाडी हलली. मी वेग खाली आणला, पाय रोवले, कोपरं अंगाला चिकटवली आणि कमरेतून वळत गेलो. फोटोत चाकं फिरलेली आली आहेत, मागचं स्टँड पुसल्यासारखं झालंय आणि खिडकीत बाईंचा चेहरा स्पष्ट आहे. त्या पुढं बघतायत.

गाडी चौकातून वळली आणि माझा फोन वाजला. दत्ता होता. सकाळपासून त्याचा तिसरा फोन. आक्काची गाडी सुटली का, अजून कशी नाही, उशीर आहे का, असं तो एका दमात विचारत होता. मागं दुकानात कसलीतरी मोटर चालू होती.

मी चौकाकडं पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

‘निघालीय,’ मी म्हणालो.